प्रार्थनेंत शरीराचें स्थान

प्रार्थनेला बसलेल्या माणसाचा पहिला शत्रु कोणता, असें विचारलें तर शास्त्री-पंडित अहंकार, वासना, संशय अशीं भारदस्त नांवें सांगतील. परंतु ज्यानें एकदां तरी अर्धा तास स्वस्थ बसून पाहिलें आहे, तो हंसून म्हणेल, "पहिला शत्रु म्हणजे माझा डावा पाय!" पांच मिनिटें होतात न होतात तोंच त्याला मुंग्या येतात. मग पाठ कुरकुरूं लागते, मान कलते, डोळ्यांवर झांपड येते. आणि परमेश्वराच्या पायांशीं ठेवावयाचें म्हणून आणलेलें मन स्वतःच्याच पायांशीं अडकून पडतें.

या शरीराचें करावें तरी काय? हा प्रश्न सर्व धर्मांतील साधकांना पडलेला आहे आणि त्याचीं तीन उत्तरें दिलीं गेलीं आहेत. कोणी म्हणालें, त्याला उपासतापासांनीं दमवावें; कोणी म्हणालें, त्याच्याकडे लक्षच देऊं नये; आणि कोणी म्हणालें, त्यालाहि प्रार्थना करावयास शिकवावें. आज ज्या प्रयत्नाविषयीं मला बोलावयाचें आहे, तो या तिसऱ्या उत्तरांतून निघालेला आहे. गेल्या सुमारें सत्तर वर्षांत युरोपांतील आणि भारतांतील कित्येक ख्रिस्ती साधकांनीं योगासनें, श्वासाचा अभ्यास आणि शरीराच्या मंद हालचाली यांची आपल्या ध्यानप्रार्थनेशीं सांगड घातली. ध्यानप्रार्थना म्हणजे मागणें मागणें नव्हे, कीं स्तोत्रें म्हणणें नव्हे. शब्द कमी कमी होत जाऊन शेवटीं देवाच्या सान्निध्यांत प्रेमानें नुसतें राहणें, हें तिचें स्वरूप. ही सांगड कांहीं ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांना संशयास्पद वाटली, तर कांहीं योगाभ्यासी हिंदूंना ती उसनवारी वाटली. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून स्तुति किंवा निंदा करण्यापूर्वीं कोणी काय घेतलें, कशासाठीं घेतलें आणि अडचण कोठें आली, हें पाहणें बरें.

ख्रिस्ती प्रार्थना म्हटली कीं बांकावर बसून, पुस्तक उघडून, मान खालीं घालून म्हटलेली प्रार्थना आपल्या डोळ्यांपुढें येते. परंतु आरंभींच्या शतकांतील चित्र निराळें होतें. रोमच्या भुयारी दफनस्थानांच्या भिंतींवर बाहु पसरून, तळहात उघडे ठेवून उभ्या असलेल्या प्रार्थनामग्न आकृति आजहि दिसतात. तिसऱ्या शतकांतील थोर पंडित ओरिजेन यानें प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथांत हीच ठेवण सर्वांत उचित ठरविली. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ख्रिस्ताच्या स्वरूपासारख्या गहन प्रश्नाचा निर्णय केला. आणि त्याच परिषदेचा शेवटचा नियम असा आहे कीं, रविवारीं आणि पुनरुत्थानाच्या सणापुढील पन्नास दिवसांत प्रार्थना गुडघे टेकून नव्हे, तर उभें राहून करावी. गुडघे टेकणें ही पश्चात्तापाची खूण आणि उभें राहणें ही पुनरुत्थानाची खूण. शरीराची भाषा त्या काळीं इतक्या गांभीर्यानें वाचली जात असे.

इजिप्तच्या वाळवंटांतील तपस्वी अँथनी याची एक जुनी कथा आहे. एकदां त्याला साधनेचा वीट आला. मन कांहीं केल्या थाऱ्यावर येईना. तेव्हां त्याला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून काम करी, मग उठून प्रार्थना करी. पुन्हां बसून दोरी वळी, पुन्हां प्रार्थनेला उठे. तो देवदूत होता, असें कथा सांगते. तिचें तात्पर्य असें कीं, मन बसत नसेल तर आधीं शरीराला लय लावून द्यावी.

पुढें तेराव्या शतकांत संत डोमिनिक याच्या मृत्यूनंतर त्याच्या संप्रदायांत एक पुस्तिका तयार झाली. तिच्यांत त्याच्या प्रार्थनेचे नऊ प्रकार वर्णिलेले असून तिच्या हस्तलिखितांत त्यांचीं चित्रेंहि आढळतात. वेदीपुढें कमरेंत वांकणें, जमिनीवर पालथें पडून दंडवत घालणें, क्रुसाकडे दृष्टि लावून पुन्हां पुन्हां उठणें व गुडघे टेकणें, पुस्तक धरल्याप्रमाणें छातीपुढें हात उघडणें, क्रुसासारखे बाहु पसरणें, दोन्ही हात डोक्यावर जोडून धनुष्यांतून सुटलेल्या बाणासारखें ताठ उभें राहणें. आणि शेवटीं एकटें वाट चालतां चालतां चिंतन करणें. आपल्याकडील नमस्कार घालणाऱ्या माणसाला हीं चित्रें अगदींच अनोळखी वाटणार नाहींत. सोळाव्या शतकांत इग्नेशियस लोयोला यानें आपल्या साधनाग्रंथांत याहून सूक्ष्म सूचना दिली. गुडघे टेकून, पालथें पडून, उताणें निजून, बसून वा उभें राहून, ज्या स्थितींत हवें तें सांपडेल त्याच स्थितींत राहावें, उगाच बदल करूं नये. आणि एका प्रकारांत तर दर श्वासाला प्रार्थनेचा एकच शब्द मनांत म्हणावा. हा ग्रंथ १५४८ सालीं छापला गेला.

श्वासाचा प्रश्न त्याच्याहि पूर्वीं ग्रीक मठांत पेटलेला होता. चौदाव्या शतकांत अ‍ॅथॉस पर्वतावरील संन्यासी वीतभर उंचीच्या बुटक्या आसनावर बसत, हनुवटी छातीकडे झुकवीत, श्वास मंद करीत आणि त्याच्या लयीवर येशूचें नांव घेत मन हृदयांत उतरवूं पाहत. बार्लाम नांवाच्या एका विद्वानानें त्यांची टर उडविली. ज्यांचा आत्मा बेंबींत असतो असे लोक, असें नांव त्यांना दिलें. त्यांचा कैवार ग्रेगरी पालामास यानें घेतला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शरीर हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे असें जर आपण मानतों, तर मनानें त्या मंदिरांत परत येण्यांत हीनपणा कसला? बाहेर भटकणाऱ्या नवशिक्याच्या मनाला श्वासाच्या दोरीनें घरीं आणतां येतें. १३४१ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेनें पालामासची बाजू उचलून धरली. आज योगासनांवरून जो वाद होतो, त्याचें बीज या सुमारें पावणेसातशें वर्षांपूर्वींच्या भांडणांत सबंध दिसतें.

मग हें सगळें गेलें कोठें? पूर्वेकडील मठांत तें बरेंचसें टिकलें. पश्चिमेंत मात्र प्रवचनें लांबलीं, मंदिरांत बांकें पक्कीं झालीं, प्रार्थना पुस्तकांत गेली आणि ध्यान हें फक्त मठांतील निवडक लोकांचें काम ठरलें. शरीर तेवढें बांकावर बसून राहिलें.

या पार्श्वभूमीवर १९५६ सालीं फ्रेंच भाषेंत एक छोटें पुस्तक निघालें. लेखक झां-मारी देशाने, बेनेडिक्टाइन संप्रदायाचा संन्यासी. पुस्तकाच्या मूळ नांवाचा अर्थ 'मौनाचा मार्ग' असा होता. १९६० मध्यें इंग्रजी भाषांतर झालें तेव्हां त्याला 'ख्रिस्ती योग' असें ठसठशीत नांव मिळालें. या दोन नांवांतच पुढच्या वादाचें मूळ आहे. देशाने हा बाराव्या शतकांतील विल्यम ऑफ सेंट थिएरी या ध्यानमार्गी लेखकाचा अभ्यासक. विल्यमनें मनुष्याच्या ठिकाणीं प्राण, बुद्धि आणि आत्मा अशा तीन पायऱ्या मानल्या होत्या. देशानेला वाटलें कीं, आपल्या प्रार्थनेंत बुद्धि बोलत राहते, प्राण चुळबूळ करीत राहतो आणि आत्म्याला बोलण्यास सवडच मिळत नाहीं. रोज आसनें आणि श्वासाचा अभ्यास केल्यानें प्राण निवतो, बुद्धि गप्प बसते, हा त्याचा स्वतःचा अनुभव. आसनांनीं देव दिसतो असें त्यानें म्हटलें नाहीं. आसनांनीं गलबला थांबतो, इतकेंच त्याचें म्हणणें.

येथें योगाभ्यासी माणूस हरकत घेईल, आणि ती घेण्याचा त्याला अधिकार आहे. तो म्हणेल, आसन हें आठ अंगांपैकीं तिसरें अंग. त्याच्या आधीं यम आणि नियम; त्याच्या पुढें प्राणायामापासून समाधीपर्यंत पांच पायऱ्या. पतंजलीनें प्रत्यक्ष आसनावर सूत्रें खर्चलीं तीं अवघीं तीन, आणि त्याची अपेक्षा एवढीच कीं, बैठक स्थिर असावी व सुखाची असावी. त्याचें लक्ष्य होतें कैवल्य. म्हणजे द्रष्टा जो पुरुष तो प्रकृतीपासून निराळा आहे हें ज्ञान. मधलेंच एक अंग उचलून दुसऱ्याच गांवाला जाणाऱ्या गाडीला जोडणें कितपत योग्य?

हा भेद खरा आहे. तो पुसूं नये. ख्रिस्ती ध्यानाचें लक्ष्य पुरुषाची प्रकृतीपासून सुटका हें नाहीं. तेथें जीव आणि देव यांच्यांत प्रेमाचें नातें आहे, आणि तें नातें देवाच्या कृपेनें जडतें. योगांतहि ईश्वरप्रणिधान आहे. परंतु पतंजलीचा ईश्वर हा क्लेशकर्मांचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष आहे, सृष्टि निर्मून तिच्यासाठीं देह धारण करणारा पिता नव्हे. आणि गंमत अशी कीं, या भेदाचा परिणाम दोन्हीकडे उलटा झालेला दिसतो. ज्या दर्शनाला पुरुष शरीरापासून वेगळा ओळखावयाचा होता, त्याच्या परंपरेनें पाठीचा कणा, श्वास, बैठक यांचा बारकाईनें अभ्यास केला. उलट देवानें मनुष्यदेह धारण केला आणि मेलेलें शरीरहि पुन्हां उठेल, असें जो धर्म सांगतो, त्याच्या अनुयायांनीं प्रार्थनेच्या वेळीं शरीराला बांकावर विसरून ठेवलें. म्हणून मला वाटतें कीं, ख्रिस्ती साधकांनीं योगापासून जें घेतलें तें परकें तत्त्वज्ञान नव्हे. स्वतःच्याच धर्माची एक गहाण पडलेली वस्तु त्यांना शेजाऱ्याच्या घरीं जपून ठेवलेली सांपडली. मात्र ती शेजाऱ्यानें जपली, हें ऋण त्यांनीं मोकळेपणानें मानलें पाहिजे.

परंतु सर्वांचाच प्रवास असा सरळ झाला नाहीं. ब्रिटनी प्रांतांत १९१० सालीं जन्मलेला आंरी ल सो हा बेनेडिक्टाइन संन्यासी १९४८ मध्यें भारतांत आला. १९४९ च्या जानेवारींत त्यानें तिरुवण्णामलै येथें रमण महर्षींचें दर्शन घेतलें आणि तो अंतर्बाह्य हलला. १९५० सालीं झ्यूल मोंशानें या सहकाऱ्यासह त्यानें कावेरीकांठीं शांतिवनम् हा आश्रम स्थापिला. अभिषिक्तानंद हें नांव घेतलें. अरुणाचलाच्या गुहांत मौनानें राहिला. पुढें उत्तरकाशीजवळ गंगेच्या कांठीं झोंपडी बांधली. आसनांचा त्याला फारसा सोस नव्हता; एकांत, मौन आणि नाम यांवरच त्याचा भर. पण तो जसजसा आंत उतरूं लागला, तसतसा एक प्रश्न त्याला जाळूं लागला. ज्या मौनांत 'मी' आणि 'तूं' हा भेदच उरत नाहीं, तेथें ख्रिस्ताला 'तूं' म्हणून हांक मारणारी प्रार्थना कोठें राहते? अद्वैत खरें तर मिस्सा कशासाठीं, आणि मिस्सा खरी तर अद्वैताचा हा अनुभव कसला? त्यानें दोहोंपैकीं एकहि सोडलें नाहीं, आणि दोहोंचा सोपा मेळहि घातला नाहीं. पंचवीस वर्षें तो ती ओढाताण सोशीत राहिला. १९७३ च्या जुलैंत ऋषिकेश येथें बस गांठण्यासाठीं धांवत असतां त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो रस्त्यावर कोसळला. त्या असहाय अवस्थेंतच जीवन-मरणाच्या पलीकडील जागृतीचा आपणांस साक्षात्कार झाला, असें त्यानें पुढें लिहिलें. त्याच वर्षीं ७ डिसेंबरला इंदूर येथें त्याचा अंत झाला. अर्ध्या तासाच्या ध्यानानें रक्तदाब उतरतो कीं नाहीं, एवढ्यापुरता हा विषय नाहीं, हें या आयुष्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. त्यांत माणसाची सगळी श्रद्धा पणाला लागूं शकते.

ज्यांना इतक्या खोलांत जावयाचें नव्हतें, अशा सामान्य उपासकांसाठीं १९६९ सालीं एक महत्त्वाची गोष्ट घडली. भारतांतील कॅथोलिक उपासनेंत कांहीं देशी रीति स्वीकारण्यास रोमनें मान्यता दिली. जमिनीवर बसणें, पादत्राणें बाहेर काढणें, गुडघा टेकण्याऐवजीं हात जोडून नम्रपणें वांकणें, पंचांग प्रणाम करणें, समई लावणें, आरती ओंवाळणें, अशा त्या रीति होत्या. त्यांतील बहुतेक शरीराच्या हालचालींविषयींच्या आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत ही वाट त्याच्याहि आधीं कोणी तरी तुडवून ठेवलेली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं ख्रिस्ती उपासनेंत अभंग, भजन आणि कीर्तन आणलें. भजन म्हणजे केवळ गाणें नव्हे. टाळी आली, टाळ आला, डोलणें आलें. जो मराठी माणूस पंढरीच्या वाटेवर अंगानें नामस्मरण करीत आला, त्याचें अंग ख्रिस्ती झाल्यावर एकाएकीं लांकडी कां व्हावें? टिळकांचें चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनीं १९२२ मध्यें ख्रिस्त सेवा संघ सुरू केला व पुढें त्याचा आश्रम पुण्यास आला. पुण्यांतच मुंबईंत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु अँथनी डिमेलो यांनीं 'साधना' ही संस्था काढली. ती पुढें लोणावळ्यास गेली. त्याच लोणावळ्यास १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांचें कैवल्यधाम योगाचा शास्त्रीय अभ्यास करीत आलें आहे.

डिमेलो यांचें 'साधना' हेंच नांव असलेलें पुस्तक १९७८ सालीं निघालें. त्याचा आरंभ धर्मतत्त्वांनीं होत नाहीं. खांद्यांना कपड्यांचा स्पर्श होतो आहे, पाठ खुर्चीला टेकली आहे, हातांना हात लागले आहेत. या साध्या संवेदना एकामागून एक नुसत्या जाणावयाच्या. मग श्वास जाणावयाचा. मग तोच श्वास देवाच्या सान्निध्यानें भरलेला आहे अशा भावनेनें घ्यावयाचा. आणि पुढें हात उंचावून, पसरून, अर्पण केल्यासारखे पुढें धरून शब्दांवांचून प्रार्थना करावयाची. विचारांच्या कोलाहलांतून स्वस्थतेंत येण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शरीरांतून जातो, ही त्यांची शिकवण. १९८७ मध्यें ते वारले. पुढें १९९८ मध्यें रोमनें त्यांच्या लेखनांतील कांहीं मतें कॅथोलिक श्रद्धेशीं विसंगत ठरविलीं.

रोमची सर्वसाधारण भूमिका १९८९ च्या एका पत्रांत आलेली आहे, आणि ती एकांगी नाहीं. शरीराच्या ठेवणीचा मनाच्या एकाग्रतेवर परिणाम होतो, हें त्यांत मान्य केलेलें आहे. इतर धर्मांतील पद्धतींतून उपयुक्त तें घेण्यासहि मज्जाव नाहीं. इशारा आहे तो निराळा. आसनानें किंवा श्वासानें जी ऊब, हलकेपणा, शांतता वाटते तीच देवाची भेट, असें समजूं नये. नाहीं तर प्रार्थना राहते बाजूला आणि शरीराचीच पूजा सुरू होते. या इशाऱ्याशीं जुने ग्रीक संन्यासीहि सहमत झाले असते. शेतकरी मृगापूर्वीं शेत नांगरून ठेवतो. नांगरल्यानें पाऊस येत नाहीं. पण न नांगरलेल्या जमिनीवरून आलेला पाऊस वाहून जातो. आसन ही नांगरणी आहे. तिला पाऊस समजूं नये, आणि पाऊस आपल्या हातीं नाहीं म्हणून नांगरणीहि टाकूं नये.

ही साधना करणाऱ्यांचा क्रम साधारणपणें असा असतो. आधीं उभें राहून पांचदहा मिनिटें मंद हालचाली. श्वास घेतांना हात वर, सोडतांना कमरेंतून वांकणें, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणें. मग वज्रासनांत, मांडी घालून किंवा सरळ खुर्चीवर बसणें. मग शरीराची जाणीव, मग श्वास, मग श्वासाबरोबर येशूचें नांव. आणि शेवटीं नांवहि मावळूं लागलें तर त्याला मावळूं देणें. गुडघे वा हृदय अधू असणाऱ्यानें बेतानेंच करावें, आणि श्वास कोंडण्याचा प्रयोग जाणत्या माणसावांचून करूं नये.

सूर्यनमस्कारांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांचा व्यायाम म्हणून मोठा प्रसार केला. पण परंपरेनें दर नमस्काराला सूर्याचें एक नांव घेतात. ख्रिस्ती साधकानें तें घ्यावें काय? माझ्या अल्प मतीप्रमाणें, नमस्कार हा नेहमीं कोणाला तरी केलेला असतो. कोणालाच न केलेला नमस्कार ही नुसती कसरत. म्हणून आपण कोणापुढें वांकत आहों, हें ज्याचें त्यानें प्रामाणिकपणें ठरवावें. सूर्याची नांवें घेणाऱ्यानें तीं श्रद्धेनें घ्यावीं. न घेणाऱ्यानें आपल्या प्रभूचें नांव घ्यावें. पण सूर्याचें नांव ओठांवर आणि मनांत त्याविषयीं तिरस्कार, असें कधींहि करूं नये.

आणि अखेर एक कसोटी अशी आहे कीं, जी दोन्ही परंपरांना मान्य आहे. पतंजलीनें आसनाच्या आधीं अहिंसा आणि सत्य ठेवलें. येशूनें सांगितलें कीं, वेदीपाशीं अर्पण आणल्यावर भावाशीं वितुष्ट असल्याचें आठवलें तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं समेट करून यावें. म्हणजे ध्यानाला बसण्यापूर्वीं शरीरानें करावयाची एक हालचाल कोणत्याहि आसनांच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं: उठावें, चप्पल घालावी आणि ज्याच्याशीं बोलणें टाकलें आहे त्याच्या दारापर्यंत चालत जावें. तेवढें करून आल्यावर पायाला मुंग्या आल्या तरी हरकत नाहीं.